प्रश्नपत्रिका एक, परीक्षक सत्तावीस

बी. कॉम.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, आपल्याकडे शेअरबाजारावर 'सेबी' ही एकच संस्था देखरेख करते. युरोपीय संघात कायदे सारखे असूनही सत्तावीस देशांच्या सत्तावीस संस्था कशाला?" तास संपल्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पुरे करतो.

आपल्या परीक्षेचेच उदाहरण घ्या. प्रश्नपत्रिका एक असली तरी परीक्षक अनेक असतात. एक हात सैल सोडतो, दुसरा आखडता घेतो. म्हणून मॉडरेटर नेमावा लागतो. युरोपात कायदा सामाईक असला तरी तो राबवणारी यंत्रणा व न्यायालये ज्या त्या देशाची आहेत. शिवाय एका सदस्य देशात परवाना मिळालेली दलाली पेढी त्याच परवान्यावर इतर देशांतही व्यवसाय करू शकते. या सवलतीला तेथे 'पासपोर्ट' म्हणतात. साहजिकच सैल परीक्षक शोधण्याचा मोह होतो, आणि ठेच लागते ती दुसऱ्याच देशातील गुंतवणूकदाराला.

या संस्थांत मेळ घालण्यासाठी २००१ मध्ये एक समिती स्थापन झाली. पण तिचे काम सल्ल्यापुरतेच होते. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर जाक द लारोझिएर यांच्या अध्यक्षतेखालील गटाने अधिक बळकट व्यवस्था सुचवली. तीनुसार १ जानेवारी २०११ रोजी पॅरिस येथे युरोपीय रोखे व बाजार प्राधिकरण सुरू झाले. त्याचे संक्षिप्त नाव 'एस्मा'. (संपाच्या बातम्यांतला आपला 'एस्मा' कायदा निराळा!)

पतमापन संस्थांवर हे प्राधिकरण स्वतः देखरेख करते. एरवी त्याचा मार्ग समजुतीचा असतो. ते मार्गदर्शक सूत्रे काढते. राष्ट्रीय संस्थेने ती पाळावीत, किंवा न पाळण्याचे कारण द्यावे. शिवाय या संस्थांच्या कामाची परस्परांकडून तपासणी होते.

या पद्धतीचा कस जर्मनीत लागला. वायरकार्ड कंपनीच्या हिशेबांबद्दल वृत्तपत्रांनी शंका घेतल्या असता तेथील 'बाफिन' या संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये मंदीवाल्यांच्याच नव्या सौद्यांवर दोन महिने बंदी घातली. जून २०२० मध्ये, ताळेबंदात दाखवलेले १९० कोटी युरो बहुधा अस्तित्वातच नाहीत, असे कंपनीने जाहीर केले. काही दिवसांतच तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. भागधारकांचे पैसे बुडाले. नोव्हेंबर २०२० मध्ये एस्माच्या अहवालाने जर्मन देखरेखीतील उणिवा स्पष्ट शब्दांत मांडल्या. पुढे २०२१ मध्ये जर्मनीने कायदा बदलून बाफिनला हिशेबतपासणीचे वाढीव अधिकार दिले.

मात्र तो अहवाल शिफारशींपुरताच होता, आणि तोही पैसे बुडाल्यावर आला. एस्माच्या मुख्य मंडळात मत देतात तेही राष्ट्रीय संस्थांचे प्रमुखच; म्हणजे ज्यांची तपासणी व्हायची, तेच मॉडरेटरच्या खुर्चीवर. नियम सारखे लिहिणे त्या मानाने सोपे; ते सारख्याच कसोशीने पाळले जातात की नाही हे वेळीच पाहणे कठीण. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न युरोपातही अद्याप पुरता सुटलेला नाही.