शिधापत्रिकेपासून अधिवास दाखल्यापर्यंत

अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना मोठ्या आजारात सरकारी आधार देण्याच्या महाराष्ट्रातील प्रयत्नांचा मागोवा साधारणतः १९९७ च्या जीवनदायी योजनेपासून घेतला जातो. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या अवयवांच्या शस्त्रक्रियांसाठी दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला या योजनेतून साहाय्य मिळत असले, तरी प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे मंजूर व्हावे लागत असल्याने तिचे स्वरूप विम्यापेक्षा अर्जावर मिळणाऱ्या मदतीचेच अधिक होते. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गरीब रुग्णाचा खरा आधार १९५६ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे ‘घाटी’ म्हणून ओळखले जाणारे रुग्णालय हाच होता. मराठवाड्याबरोबरच बुलढाणा, जळगाव आणि नगर जिल्ह्यांतील सीमेलगतच्या गावांतूनही तेथे रुग्ण येत, आणि तेथे जे होऊ शकत नसे त्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे किंवा खासगी रुग्णालयात कर्ज काढून उपचार घ्यावे लागत.

या व्यवस्थेला विम्याचे रूप आले ते आंध्र प्रदेशाच्या २००७ मधील आरोग्यश्री योजनेनंतर. त्याच वळणाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातून एकट्या नांदेडचा समावेश होता, आणि विभागातील सर्वांत मोठे शासकीय रुग्णालय ज्या जिल्ह्यात आहे त्या औरंगाबादला मात्र २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. या क्रमामागे वैद्यकीय तर्क शोधणे कठीण आहे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या, म्हणजे वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंत असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. प्रतिकुटुंब ३३३ रुपयांचा हप्ता शासन विमा कंपनीला देई आणि रुग्णाला काहीही भरावे लागत नसे. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असे. अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेले रुग्णालय तपासण्यांचे कागद पाठवून पूर्वमंजुरी घेई आणि उपचारानंतर दावा दाखल करी. रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे भाडेही योजनेतच धरलेले होते, ही तरतूद करणाऱ्यांना खेड्यातील रुग्णाची अडचण नेमकी ठाऊक होती असे म्हणावे लागेल.

व्यवहारात मात्र सारे काही आरोग्यमित्राच्या टेबलावर ठरत असे. रुग्णालयात बसून कागदपत्रे तपासणाऱ्या या कर्मचाऱ्यापुढे आजाराइतकेच महत्त्व शिधापत्रिकेवरील नावाला असे. सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी झालेले नाही आणि सासरच्या पत्रिकेत चढलेले नाही, किंवा दोन ओळखपत्रांवरील नावांचे स्पेलिंग जुळत नाही, अशा कारणांनी नातेवाइकांना तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात हेलपाटे घालावे लागत. ज्यांत औरंगाबादसह संपूर्ण मराठवाडा येतो अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना सातबाऱ्याच्या आधारे पुढे योजनेत घेण्यात आले, तेव्हा पत्रिकेचा रंग हे गरिबीचे अपुरे माप असल्याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिचे संरक्षण पाच लाखांचे असले, तरी लाभार्थी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून निवडलेले असल्याने एकाच गल्लीत एका घराला पाच लाख आणि शेजारच्या घराला दीड लाख अशी विषमता निर्माण झाली. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या: दीड लाखापर्यंतचा खर्च ७९७ रुपयांच्या हप्त्यावर विमा कंपनीने आणि त्यावरचा खर्च हमी तत्त्वावर, म्हणजे थेट सरकारी निधीतून, राज्य आरोग्य हमी सोसायटीने करावयाचा होता. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, योजना सर्व नागरिकांना खुली झाली आणि पुढच्या वर्षी म्युकरमायकोसिसचे उपचारही तिच्यात आले.

साथीत तात्पुरते उघडलेले हे दार कायम राहिले. जून २०२३ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार सर्वांना पाच लाखांचे संरक्षण मंजूर झाले, १ जुलै २०२४ पासून १,३५६ उपचारांसह ते लागू झाले, आणि शिधापत्रिका नसल्यास अधिवास दाखलाही चालू लागला. अल्प उत्पन्न गटासाठी आखलेली योजना अशा रीतीने सर्वांची झाली, परंतु तिची चौकट मूळचीच राहिली: खाटेवर दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे पैसे ती देते, तर ज्या आजारांवर गरीब कुटुंबाचा पैसा दरमहा झिरपत राहतो त्या मधुमेह आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तिच्या कक्षेबाहेर आहेत. पैठण वा कन्नडच्या मजुराला अवघड शस्त्रक्रियेसाठी आजही जिल्ह्याच्या शहरातच यावे लागते, कारण विम्याने बिलाची सोय केली असली, तरी तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर नेमणे हे विम्याचे काम नसून शासनाचे आहे, आणि १९९७ पासून त्या कामाला विम्याइतकी गती मिळालेली नाही.