अपघातातली आलिशान मोटार घ्यावी का?



कापसाची पहिली वेचणी विकली गेली, सोयाबीनचे पैसे हाती आले, की घराघरांत खरेदीच्या गोष्टी निघतात. कोणाला विहिरीवर नवा पंप हवा असतो, कोणाला मुलीच्या लग्नासाठी सोने घेऊन ठेवायचे असते. अलीकडे यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. घरातला शिकलेला मुलगा मोबाईलवर एक चित्र दाखवतो. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी चकचकीत विलायती मोटार. फक्त पुढचा डावा कोपरा चेपलेला. "बाबा, ऐंशी लाखांची गाडी नऊ लाखांत मिळते आहे," असे तो म्हणतो. बाप गप्प बसतो, आई चुलीकडे पाहते आणि त्या दिवसापासून घरात कुरबूर सुरू होते.

मुलाचे मन समजून घेतले पाहिजे. अशा गाड्या आता आपल्या दारावरून धावतात. हिंगणघाटातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग जुनाच आहे. त्यात ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतल्या वावरांमधून हा रस्ता गेला आहे. पऱ्हाटीला डवरे देत असताना बाजूने ताशी सव्वाशेच्या वेगाने गाडी निघून गेली, तर तरुण मन तिच्यामागे जाणारच. त्याला रागावून उपयोग नाही. त्याच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसावे, यातच शहाणपण आहे.

स्वस्त का मिळते?

पहिला प्रश्न हाच विचारावा. विम्याच्या भाषेत प्रत्येक गाडीची एक मानलेली किंमत असते. नवी गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत तीत पाच टक्के घट धरतात, वर्षाच्या आत पंधरा टक्के, तिसऱ्या वर्षात तीस टक्के आणि पाचव्या वर्षात पन्नास टक्के. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च या मानलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त निघाला, तर ती गाडी संपूर्ण नुकसानीत गेली असे धरले जाते. मालकाला पैसे मिळतात आणि मोडकी गाडी लिलावात जाते. बाजारात स्वस्त दिसणाऱ्या कित्येक गाड्या या वाटेने आलेल्या असतात.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दुरुस्तीचा हिशेब आपल्याआधी एका जाणत्या माणसाने करून पाहिला आहे आणि त्याला तो परवडला नाही. आपल्याला तो कसा परवडणार, याचे उत्तर असेल तरच पुढे जावे. कधी कधी उत्तर असतेही. कंपनीच्या कारखान्यात जे काम नवे सुटे भाग टाकून होते, तेच बाहेरचा कुशल मिस्त्री कमी पैशात करू शकतो. पण ते काम कोणते आणि कोणते नव्हे, हे कळले पाहिजे.

मार कोठे बसला आहे?

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि शेवटी जुंपून पाहतो. शिंगांना लावलेल्या रंगावर कोणी बैल घेत नाही. मोटारीचेही तसेच आहे.

जुन्या जीपमध्ये खाली लोखंडी चासी आणि तिच्यावर वेगळी बॉडी असे. बॉडी ठोकून सरळ केली की भागत असे. आजच्या बहुतेक मोटारींत चासी वेगळी नसते. पत्र्याचा सगळा सांगाडा एकसंध असतो आणि तोच भार पेलतो. बंपर, दिवे, बॉनेट, दार हे त्याचे कपडे होत. ते बदलता येतात. पण धक्का आतल्या सांगाड्यापर्यंत गेला असेल, तर वरून कितीही रंग दिला तरी गाडी सरळ धावत नाही. पुष्कळ महागड्या गाड्यांत काही भाग ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनच्या धाग्यांचा असतो. तो आपल्याकडच्या लोखंडी पत्र्यासारखा तापवून, ठोकून बसवता येत नाही.

पाहणी दिवसाउजेडी करावी. दार आणि बॉडी यांमधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का? बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला आहे का? सगळ्या काचांवरची खूण एकाच कंपनीची, एकाच काळातली आहे का? टायर एकाच कडेने झिजले आहेत का? सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडले तर गाडी एका बाजूला ओढते का?

एअरबॅगकडे विशेष लक्ष द्यावे. धडक बसताच फुगणारी ही पिशवी एकदाच कामाला येते. ती फुगली असेल तर पिशवी, तिची यंत्रणा आणि पुष्कळदा सीटचा पट्टाही बदलावा लागतो आणि हा खर्च मोठा असतो. काही विक्रेते रिकामे झाकण बसवून मोकळे होतात. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी त्याची तोंडबंदी केली आहे असे समजावे. यात पैशाचा नव्हे, आपल्या मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे.

पाण्यात बुडालेली गाडी तर याहून वाईट. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईतही तेच झाले. अशी गाडी वरून कोरी दिसते. पण महागड्या मोटारीत जागोजागी विजेची यंत्रे आणि तारांचे जाळे असते. त्यात एकदा ओल शिरली की आज एक, उद्या दुसरे, असे बिघाड निघत राहतात. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटपट्ट्यावर पाण्याची रेघ आणि आतला कुबट वास, या तिच्या खुणा होत. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

मोटारीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, बोजा पाहतो, फेरफार होईपर्यंत स्वस्थ बसत नाही. मोटारीचा सातबारा म्हणजे आर.सी. बुक. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर नंबर टाकून मालकाचे नाव, कर्जाचा बोजा, विमा आणि थकलेले दंड यांची माहिती काढावी. कर्ज असेल तर ते फेडून बोजा उतरवल्याचा ३५ नंबरचा फॉर्म हवा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत पत्र हवे आणि आपल्याकडचा रोड टॅक्सही गाडीचे वय धरून भरावा लागतो.

चासीवर कोरलेला नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा. भंगारातल्या गाडीचे कागद विकत घेऊन तो नंबर चोरीच्या गाडीवर टाकण्याचा धंदा चालतो. निकामी झालेल्या गाडीची नोंदणी कायद्याने रद्द होऊ शकते. तशी ती झालेली असेल तर ती गाडी सुट्या भागांच्याच किमतीची राहते.

नाव चढवण्यात आळस करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे, अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. म्हणून उद्या आपण ती पुढे विकली, तरी नाव उतरल्याची खात्री करूनच किल्ली सोडावी.

दुरुस्ती कोठे, रस्ता कोठे?

आपला ट्रॅक्टर बिघडला तर देवळी, पुलगाव, आर्वी, कोठेही फिटर मिळतो. जर्मन गाडी बिघडली तर नागपूर गाठावे लागते आणि वर्ध्याहून ते पाऊणशे किलोमीटरवर आहे. पोर्शे, फेरारीसारखी गाडी असेल तर वाट मुंबईची. ती स्वतः चालत जात नाही, ट्रकवर चढवून न्यावी लागते. सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर महिने जातात आणि तोवर गाडी कोठ्यात उभी राहते. उंदरांना तारा कुरतडायला आयतीच जागा मिळते.

रस्त्याचाही विचार करा. या गाड्या जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच उंच असतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा होतो. पांदण रस्त्याचे तर नावच नको. महामार्गावर शोभणारी गाडी घरापर्यंत येईल का, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात याचे एक गमतीचे उदाहरण आहे. गांधीजी १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्या काळात जमनालाल बजाज यांच्याकडच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती वापरत. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून तिचे नाव पडले 'ऑक्स-फोर्ड'. वाट जशी, तसे वाहन, हा व्यवहार त्या नावात आहे.

आता हिशेब

मुलाबरोबर बसून पुढील आकडे कागदावर मांडा. हे नमुन्यादाखल आहेत. आपले आकडे आपण घालावेत.

मोडकी गाडी : ९,००,००० रुपये
मिस्त्रीचा अंदाज : ७,००,००० रुपये
उघडल्यावर निघणारे जादा काम, अंदाजाच्या तीस टक्के : २,१०,००० रुपये
वाहतूक, कागद, विमा, टायर : १,५०,००० रुपये
एकूण : १९,६०,००० रुपये

आता हे कापसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने नऊ लाख म्हणजे १११ क्विंटल आणि एकूण रक्कम म्हणजे सुमारे २४२ क्विंटल कापूस. एकरी सहा क्विंटल धरले तर चाळीस एकरांचे उत्पन्न आणि त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी अजून वजा केलेली नाही.

शेवटी एक आकडा लिहा : त्याच वयाची, अपघात न झालेली गाडी कितीला मिळते? ती बावीस लाखांना मिळत असेल, तर आपण दोन लाख चाळीस हजार वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करतो आहोत. शिवाय विकताना अपघाताची गाडी कमीच भावाने जाते. यालाच आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात.

फुकटची गाडीही फुकट नसते. सचिन तेंडुलकर यांना २००२ साली फेरारी भेट मिळाली, तेव्हा तिचे आयात शुल्कच सुमारे एक कोटी तेरा लाख रुपये झाले. ते माफ करण्यावरून वाद उठला आणि अखेर फियाट कंपनीने ते भरले.

मग कोणी घ्यावी?

ज्याच्या घरी मिस्त्रीचा हात आहे, ज्याने अशी गाडी उघडून पाहिली आहे, मार वरच्या पत्र्यापुरता आहे, कागद स्वच्छ आहेत आणि गेलेल्या पैशांवाचून ज्याची पेरणी अडणार नाही, त्याने हौस जरूर करावी. माणसाने कधी हौस करूच नये असे नाही. मात्र जमीन गहाण टाकून, पीककर्जातून किंवा बायकोच्या दागिन्यांवर अशी गाडी घेऊ नये.

बयाणा देण्यापूर्वी माहीतगार मिस्त्रीला सोबत न्यावे, हजार-दोन हजार खर्चून गाडीला स्कॅनर लावून घ्यावा आणि "आज नाही घेतली तर उद्या जाईल" असे म्हणणाऱ्याला खुशाल जाऊ द्यावे. घरातल्या बाईला या हिशेबाला बसवावे. घरखर्चाचे आकडे तिच्याइतके कोणाला पाठ नसतात. आणि शेवटची बेरीज मुलाच्या हाताने करून घ्यावी. आपण "नाही" म्हटले तर तो वर्षभर रुसेल. आकडा त्याने स्वतः काढला तर गाडी घेतली तरी डोळे उघडे ठेवून घेईल आणि सोडली तरी मनात सल राहणार नाही.