अवजाराची आंखणी

वस्तु चांगली असली म्हणजे ती आपोआप खपते, असा पुष्कळांचा समज असतो. लोखंडी नांगराचा इतिहास याच्या उलट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं असा नांगर तयार केला. परंतु लोखंडानें जमिनीस विष चढतें, या समजुतीमुळें त्यास लवकर गिऱ्हाईक मिळेना.

लाकडी नांगर माती उकरतो, पालथी घालीत नाहीं. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो, व त्यावरील वळविलेला पत्रा माती उलटवितो. त्यामुळें हरळी व कुंदा यांच्या मुळ्या उघड्या पडून उन्हानें वाळतात. हा गुण केवळ बोलून पटत नाहीं. शेतांत नांगरूनच दाखवावा लागतो. शिवाय शेतकऱ्याच्या शंकेंतहि तथ्य असतें. खोल नांगरटीस बैलांची ओढ अधिक लागते. झिजलेला फाळ जवळपास मिळाला नाहीं, तर ऐन हंगामांत नांगर पडून राहतो.

म्हणून कारखानदारानें प्रथम शेत, बैल व शेतकऱ्याची ऐपत पाहावी. थोडक्या खर्चांत नमुना करून तो शेतांत चालवावा, उणीव दिसेल ती काढावी, आणि मगच मोठ्या प्रमाणावर माल काढावा. आज या रीतीस ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात.

आपल्या सभासदांनींहि नवें अवजार आपल्याच जमिनींत चालवून पाहिल्याविना घेऊं नये, व त्यांतील अडचण कारखानदारास अवश्य कळवावी. ती तक्रार नव्हे. पुढील सुधारणेचें तें बीजच होय.