प्रमेह विशेषांकाच्या संपादनानिमित्त

विशेषांकासाठी आलेले रुग्णवृत्तांत वाचताना आम्हांस आमचाच एक जुना लेख आठवला. निशा-आमलकीने रक्तशर्करा उतरल्याचे त्यात अभिमानाने लिहिले होते. रुग्ण मेटफॉर्मिनही घेत होता, हे लिहावयाचे राहिले. तो वाचून कोणी आपल्या रुग्णाची गोळी थांबविली असेल काय, ही रुखरुख अद्याप आहे. म्हणून चालू औषधांची मात्रेसह नोंद नसलेले वृत्तांत आम्ही परत पाठविले. काही वैद्यमित्र रुसले! उपाशीपोटीच्या एकाच तपासणीवरील निष्कर्षही स्वीकारले नाहीत. एचबीए१सी २ ते ३ महिन्यांची सरासरी दाखविते, ती चिकित्सेच्या आरंभी व ३ महिन्यांनी हवी. चरकांनी प्रमेहाचे २० भेद सांगितले. बहुतेक वृत्तांतांत एकाचाही उल्लेख नाही. औषधालयांनी कल्पाचा बॅच क्रमांक वैद्यांस अवश्य कळवावा. दुरुस्त होऊन आलेल्या एका वृत्तांतात आता इन्सुलिनची नोंद आहे. पहिल्या मसुद्यात ती नव्हती.