काच समोर, भोकं पायाखाली

अमेरिकेत एखाद्या शेतावरच्या कोठारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली १९६५ची फोर्ड मस्टँग सापडते. रंग बरा, क्रोमही शाबूत. पण पायाखालचं कार्पेट उचललं की पत्र्याला भोकं! पाऊस वरून पडतो, मग तळ कसा सडला?

चोरवाट समोरच्या काचेखाली आहे. तिथल्या जाळीतून केबिनमध्ये हवा येते. जाळीखाली पत्र्याची बंद पोकळी आणि तिच्या तळातून थोडं वर आलेलं नळकांडं. पाणी कडेनं वाहून जावं, आत हवाच यावी, ही कल्पना. पण पाचोळा साचला की तुंबलेल्या पन्हाळीसारखी गत होते. ओला कचरा नळकांड्याच्या बुडाशी बसतो. पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की लोखंड गंजतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग फुगून सुटतो. शिवाय गंज सच्छिद्र, त्यामुळे ओल धरून ठेवतो. शेवटी नळकांड्याचं बूड सडतं, पाणी केबिनमध्ये गळून कार्पेटखाली मुरतं आणि तळही गंजतो.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया मुळात विजेचीच, त्यामुळे ती झपाट्यानं होते. जाणकार म्हणूनच कोरड्या ॲरिझोनातली गाडी शोधतात, भले रंग उन्हानं उडालेला असो.

तपासणी सोपी: जाळीवर पाणी ओता, डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. दुरुस्ती मात्र जिकिरीची. स्पॉट वेल्डिंगचा एकेक टाका ड्रिलनं उडवून वरचा पत्रा काढावा लागतो. वरवर डांबर फासणारे महाभागही असतात. गाडी बघायला जाताना खिशात चुंबक ठेवावं. जाड पुटी भरलेल्या जागी ते चिकटत नाही.