शिदोरीत औषधाची चिठ्ठीही हवी

दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून लोकांना शहाणपण सांगणे सोपे असते. आज मात्र मी माझ्याच घरातली हकिकत सांगणार आहे. ती सांगताना माझी मान थोडी खाली जाते. तरीही सांगतो, कारण नवी नोकरी हातात नसताना देशाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवणारी माणसे माझ्याकडे वरचेवर येतात. भाडे, मुलांची शाळा, सामानाचा ट्रक या सगळ्याचा हिशेब त्यांनी केलेला असतो. प्रकृतीचा हिशेब मात्र बहुतेकांच्या यादीत नसतो. आमच्याही यादीत नव्हता.

माझा धाकटा भाऊ जिल्ह्यातल्याच एका सूतगिरणीत यंत्रांच्या देखभालीचे काम पाहत असे. 2023 च्या सुरुवातीला गिरणी बंद पडली. त्याच सुमारास भावजयीला बँकेत बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदलीचा हुकूम आला. बदली थेट गुवाहाटीला! घरात चार दिवस चर्चा झाली. भावजय बढती सोडायलाही तयार होती. शेवटी भाऊच म्हणाला, "दादा, इथं तरी माझी कुठं नोकरी आहे? तिकडं जाऊ, मग बघू." जूनमध्ये मुलीला घेऊन ते निघाले. तेव्हा भावाचे वय 46 होते आणि चार वर्षांपासून त्याला रक्तदाबाची गोळी चालू होती.

निघताना आमच्या घरून भलीमोठी शिदोरी गेली. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, दहा किलो ज्वारीचे पीठ. डॉक्टर म्हणून मी काय दिले? एक महिन्याच्या गोळ्या. त्याही पाकिटावर काही न लिहिता. कागदावर औषधाचे नाव नाही, मागच्या तपासण्या नाहीत, तिकडे कोणाला दाखवायचे ते नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घड्याळ एक, सूर्य वेगळा

सुरुवातीचे महिने फोनवर सगळे ठीक होते. फक्त भाऊ म्हणायचा, "दादा, झोप लागत नाही." मी ते नव्या जागेवर ढकलले. वास्तविक त्याला एक साधे कारण होते. आपल्या देशात सगळीकडे एकच घड्याळ चालते, पण गुवाहाटी आपल्यापासून सुमारे सतरा रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे धरली तर सूर्याचा फरक तासाहून जास्त होतो. जूनमध्ये तिथे पहाटे साडेचारच्या सुमारास लख्ख उजाडते आणि नोव्हेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. आसामातील चहाचे मळे म्हणूनच आपले घड्याळ एक तास पुढे ठेवतात.

ज्याला आठच्या ठोक्याला कामावर जायचे आहे तो या फरकाशी आठ-पंधरा दिवसांत जुळवून घेतो. ज्याला कुठेच जायचे नाही, त्याचे मात्र पहाटे डोळे उघडतात, दुपारी झोप लागते आणि रात्री तो छताकडे बघत पडतो. झोप बिघडली की रक्तदाब वाढतो, साखर वाढते, चिडचिड वाढते. यावर उपाय औषधाचा नाही. खिडकीला जाड पडदा लावावा, उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, उठल्यावर अर्धा तास उजेडात चालावे आणि दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांवर नेऊ नये. हे मला तेव्हा सांगता आले असते.

रिकामा वेळ हाही आजारच

नोकरी गेल्यावर माणसाच्या हाती वेळच वेळ असतो, मग त्याने प्रकृतीकडे लक्ष द्यायला काय हरकत आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव आहे. तिथली कापडगिरणी बंद पडल्यावर जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायसेल या संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास करून 1933 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना काय दिसले? लोकांकडे वेळ भरपूर होता, पण वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. रस्त्याने पुरुष हळूहळू, थांबत थांबत चालत. गावातील बायकांना घरकाम होते, म्हणून त्यांच्या दिवसाला आकार होता. पुरुषांच्या दिवसाला तो उरला नव्हता.

माझा भाऊही गिरणीचाच माणूस. हे वाचताना मला तोच डोळ्यांपुढे दिसला.

अमेरिकेत 1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघांनी आयुष्यातील उलथापालथींना गुण देणारी एक मोजपट्टी तयार केली. जोडीदाराचा मृत्यू म्हणजे 100 गुण. नोकरीवरून काढले जाणे 47, आर्थिक स्थितीतील बदल 38, पत्नीचे काम सुरू होणे किंवा थांबणे 26, राहणीमानातील बदल 25, घर बदलणे 20. वर्षभरात 150 च्या वर गुण झाले तर आजारपणाचा धोका वाढतो, असे त्यांचे म्हणणे. ही पट्टी ढोबळ आहे, प्रत्येक माणूस सारखा नसतो, हे खरे. पण गंमत पाहा. नुसते घर बदलण्याचे गुण वीसच आहेत. माणूस थकतो तो एकट्या स्थलांतराने नव्हे. नोकरी, पैसा, जागा, शेजार, जेवण हे सगळे एकाच महिन्यात बदलते तेव्हा थकतो.

त्या संध्याकाळी

नोव्हेंबरमधील एक संध्याकाळ. बाहेर अंधार पडलेला. भावाच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. भावजयीला वाटले, पाय घसरला असेल. ती काही विचारायला गेली तर त्याला शब्द नीट उच्चारता येईनात. तोंड एका बाजूला ओढल्यासारखे झाले. वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. हात चालू लागला, बोलणे साफ झाले. भाऊ म्हणाला, "झालं बरं. दादाला कळवू नकोस, उगाच काळजी करत बसेल."

भावजयीने त्याचे ऐकले नाही. तिने मला फोन केला. "भाऊजी, आता ते अगदी ठीक आहेत, पण मला काही हे बरं वाटत नाही," असे ती म्हणाली. मी म्हटले, "ठीक दिसतोय म्हणून थांबू नका. आत्ताच्या आत्ता 108 ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या."

रुग्णालयात रक्तदाब भरला 190 वर 110. मेंदूची तपासणी झाली. सुदैवाने कायमची इजा नव्हती. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत बारीक गुठळी अडकते आणि आपोआप विरघळते, तेव्हा असा तात्पुरता झटका येतो. अनेक जण तो 'चक्कर' किंवा 'अशक्तपणा' म्हणून सोडून देतात. वास्तविक ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते आणि पहिले दोन-तीन दिवस सर्वात धोक्याचे असतात. वाचकहो, चेहरा वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसले की वेळ बघून ठेवा आणि रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे गेली तरीही जायचे.

दुसऱ्या दिवशी मी भावाशी बोललो.

"गोळ्या चालू होत्या ना?"

तिकडून आवाज येईना. मग म्हणाला, "दादा, सप्टेंबरपासून बंद आहेत."

"अरे, पण का? तिकडं मिळत नव्हत्या?"

"मिळतात. पण मी मिळवत नाही ना. तिच्या एकटीच्या पगारात घरभाडं, पोरीची फी. म्हटलं, नोकरी लागली की चालू करू. त्रास तर काही होत नव्हता."

त्रास काही होत नव्हता! रक्तदाबाचा घात इथेच आहे. तो दुखत नाही, खुपत नाही. गोळी बंद केल्यावर आकडा चढत जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही. पण मला खरा चटका बसला तो त्याच्या आधीच्या वाक्याने. विसरभोळेपणाने किंवा कंजूषपणाने त्याने गोळी बंद केलेली नव्हती. लाजेने बंद केली होती. न मिळवणाऱ्याने औषध खाऊ नये, असे त्याने स्वतःशीच ठरवून टाकले होते. महिन्याच्या गोळ्यांना जितके पैसे लागले असते, त्याच्या कितीतरी पट त्या तीन दिवसांत गेले. भावजयीच्या विम्यामुळे त्यातले बरेचसे भागले, हे नशीब.

आणि मी? दर रविवारी फोन करत होतो. "बरं आहे ना?" "मजेत." एवढ्यावर संपत होते. रक्तदाब किती आहे, कधी मोजला, असे मी एकदाही विचारले नाही.

निघण्यापूर्वी काय करावे

असो. आता जे मी केले नाही ते तुम्ही करावे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, औषधाची चिठ्ठी. तुमच्या डॉक्टरांकडून आजाराचे नाव, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि शेवटच्या तपासणीचे आकडे असे सारे एका कागदावर लिहून घ्या. कंपनीचे नाव पुरेसे नाही. एका राज्यात सहज मिळणारी कंपनी दुसऱ्या राज्यात मिळेलच असे नाही, मूळ नाव मात्र सगळीकडे चालते. त्या कागदाचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट, दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रकमध्ये नको. नव्या गावी पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच जवळचे सरकारी आरोग्य केंद्र पाहून ठेवा. तीस वर्षांपुढील व्यक्तींचा रक्तदाब आणि साखर तिथे मोफत तपासतात आणि नेहमीच्या गोळ्याही दिल्या जातात. जनऔषधी दुकानेही देशभर आहेत. हा हक्क आहे, त्यात लाज कसली?

तिसरी गोष्ट, विमा. कंपनीने काढलेला गट विमा नोकरी सुटताच सहसा संपतो. राजीनामा देण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करता येईल का, याची लेखी चौकशी करा. अगदी नवीन पॉलिसी घेतली तर सुरुवातीचे तीस दिवस अपघाताखेरीज बहुतेक आजारांना संरक्षण नसते आणि जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. आयुष्मान कार्ड असेल तर ते बरोबर घ्या. योजनेत सामील असलेल्या परराज्यातील संलग्न रुग्णालयांतही ते चालते.

चौथी गोष्ट, क्षयरोगाचे औषध चालू असेल तर निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगून उपचार नव्या गावी वर्ग करून घ्या. हे औषध मध्येच सोडले तर आजार परत उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. मिरगी, थायरॉइड, इन्सुलिन यांबाबतही एक दिवसाचा खंड नको.

पाचवी गोष्ट, घरखर्चाच्या वहीत औषधांची ओळ घरभाड्याच्या शेजारी लिहा. ती कोणाच्या पगारातून जाते याचा प्रश्नच येऊ देऊ नका. हे काम मिळवत्या जोडीदाराने आपणहून करावे. न मिळवणारा मागणार नाही.

सहावी गोष्ट, नोकरी लागेपर्यंतही दिवसाला वेळापत्रक हवे. सकाळी चालणे, दोन तास नोकरीचा शोध, एक घरचे ठरलेले काम, संध्याकाळी माणसांत जाणे. मन अगदीच खचले, झोप उडाली, जगण्याचा कंटाळा येऊ लागला तर 14416 या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, अनेक भारतीय भाषांत. बोलल्याने माणूस लहान होत नाही.

आणि शेवटची गोष्ट मागे राहणाऱ्यांसाठी. "बरं आहे ना?" असे विचारू नका, त्याला उत्तर ठरलेले असते. "काल किती वाजता झोपलास? गोळी घेतलीस का? रक्तदाब किती भरला?" असे विचारा.

भावाला मार्च 2024 मध्ये एका चहाच्या गोदामात यंत्रांच्या देखभालीचे काम मिळाले. पगार गिरणीपेक्षा थोडा कमीच आहे. पण गोळी नोकरी लागण्याची वाट पाहत थांबली नाही. रुग्णालयातून घरी आला त्या सकाळपासून ती चालू आहे. आता दर रविवारी "दादा, नमस्कार" म्हणण्याआधी तो आकडा सांगतो. परवाचा होता 128 वर 82. त्यानंतर मग ब्रह्मपुत्रेला पाणी किती चढले, मुलगी आसामी कशी बोलते आणि ज्वारीचे पीठ कधी पाठवतोस, हे विषय निघतात.

पीठ परवाच पाठवले. पिशवीत वर, सगळ्यांना दिसेल अशी, औषधाची चिठ्ठीही ठेवली आहे.