बातमीतील 'फ्लटर' आणि आपली 'खळबळ'
इंग्रजी बातमीत राजकीय वर्तुळात 'फ्लटर' झाल्याचे वाचले की आपण भाषांतरात सर्रास 'खळबळ' लिहितो. फ्लटर म्हणजे पंखांची फडफड. शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' नाटकात कबुतरांच्या ढाबळीत शिरलेल्या गरुडाची उपमा येते. ढाबळीत फडफड उडवणे हा इंग्रजी वाक्प्रचार तिच्यावरूनच रूढ झाला. कबुतरे बिथरतात, पण ढाबळ काही कोसळत नाही. म्हणून येथे 'चुळबुळ' किंवा 'कुजबुज' पुरते. 'खळबळ' लिहिलीत की बातमी मुळापेक्षा मोठी होते. 'फ्लरी' हा मूळचा वाऱ्याचा अचानक झोत, म्हणून बैठकांची 'फ्लरी' म्हणजे बैठकांची धावपळ. ब्रिटिश वृत्तपत्रात घोड्यांच्या शर्यतीच्या बातमीत मात्र 'फ्लटर' दिसला, तर ती बहुधा गंमत म्हणून लावलेली किरकोळ पैज असते.